कावडघराचे दार

फार पूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात दोघे भाऊ राहत होते. आईवडील लवकर निवर्तले, तेव्हा थोरल्याने धाकट्याला वाढवले आणि त्याचे लग्नही करून दिले. थोरल्याला मूलबाळ नव्हते. धाकट्यावर त्याचा जीव होता.

डोंगरमाथ्यावर महादेवाचे देऊळ होते. रोज पहाटे कावडकरी खांद्यावर कावड घेऊन, उभ्या पायऱ्या अनवाणी चढून, पिंडीच्या अभिषेकाला नदीचे पाणी नेत. ते दिवसातून एकदाच कोरडी भाकरी खात; दूधतूप त्यांना वर्ज्य असे. त्यांतले केस पिकलेले म्हातारेही चढणीवर तरण्यांना मागे टाकत. म्हणून गावाची समजूत होती, की कावड धरणाऱ्याला रोग शिवत नाही.

गावाची आणखी एक रीत होती. ज्याच्याने चढवेना, तो आपली कावड मुकाट्याने गुरवाच्या हाती देई. गुरव ती पायथ्याच्या कावडघरात टांगून दार लावून घेई. सोडलेल्या कावडीविषयी बोलणे अशुभ मानत. त्यामुळे आत काय आहे, हे कोणी पाहत नसे.

एके वर्षी धाकट्याला धाप लागू लागली. पाय सुजले. वैद्याने नाडी पाहिली आणि तो थोरल्याला म्हणाला, “काळीज थकलं आहे. पडून राहू दे. दूध, पेज चालू ठेव. चढउतार मात्र अजिबात नको.”

दिवस गेले, पण उतार पडेना. थोरल्याचा धीर सुटला. तो नदीवर जाऊन सर्वांत वृद्ध कावडकऱ्याच्या पाया पडला.

“बाबा, या वयात एवढी काटक प्रकृती! रहस्य काय?”

“रहस्य कसलं आलंय? आमचं घराणंच तसं. माझा बाप नव्वदीत एकटा फणस फस्त करायचा, आणि जन्मात त्यानं कावडीला हात लावला नाही. देवाला निघायचा तोही बैलगाडीतून, आणि पायथ्यावरूनच हात जोडून परत!”

भोवतीचे कावडकरी हसले. थोरलाही हसला. थोर माणसे आपले पुण्य असेच झाकून ठेवतात, असे त्याने मनाशी धरले आणि तो नवी कावड घेऊनच घरी आला.

“दादा, ओसरी चढताना मला दम लागतो,” धाकटा म्हणाला, “आणि तू डोंगर चढायला सांगतोस?”

“म्हणूनच सांगतो. वर जाणाऱ्यांत एक तरी आजारी दिसतो का तुला?”

धाकट्याची बायको दाराआडून म्हणाली, “दादा, निदान त्यांचं दूध तरी तोडू नका.”

“दूध पिऊन खाटेला खिळलेले मी पुष्कळ पाहिलेत,” थोरला म्हणाला.

धाकट्याने भावाचा शब्द कधी मोडला नव्हता. तो दूध सोडून चढू लागला. लवकरच त्याचे गाल बसले, गळ्याची हाडे वर आली. थोरला हरखला. “बघ, अंग कसं हलकं झालं! कावडीचा गुण आला.”

थोरल्याला वाटेत वैद्य भेटला. “अरे, हा गुण नव्हे. रोग त्याला आतून खातो आहे. थांबव त्याला.”

“वैद्यबुवा, तुमच्या दारात दिसतात ते सगळे आजारी, डोंगरावर दिसतात ते सगळे धडधाकट. मी कोणाचं ऐकावं?”

“माझ्या दारी आजारीच येणार, बाबा. म्हणून मी त्यांना आजारी पाडलं का?”

थोरला थांबला नाही.

पुढे एका पहाटे थोरला बरोबर असताना, अर्ध्या चढणीवर धाकट्याने कठड्याला हात टेकला. “दादा, जरा बसू दे.”

“कळस दिसतोय बघ. महादेवाचं नाव घे आणि चल.”

धाकट्याने देवाचे नाव घेतले आणि पाऊल उचलले. कावड खांद्यावरून सुटली. पाणी पायऱ्यापायऱ्यांवरून खाली वाहत गेले. थोरल्याने त्याचे डोके मांडीवर घेतले, तोवर प्राण गेला होता.

दिवसकार्य आटोपल्यावर थोरला ती कावड घेऊन गुरवाकडे गेला. गुरवाने कावडघराचे दार उघडले. आत भिंती दिसत नव्हत्या. खुंटीखुंटीवर कावडी, एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, कोळिष्टकांनी एकमेकींत गुंतलेल्या.

“या कोणाच्या?”

“ज्यांच्याने चढवलं नाही त्यांच्या. काही घरी पडून आहेत. काही गेले.”

“मला कोणी सांगितलं का नाही?”

“तू विचारलंस ते चढणाऱ्यांना,” गुरव म्हणाला. “इथवर कोण येतं?”

मोकळी खुंटी एकही नव्हती. थोरल्याने भावाची कावड दुसऱ्या कोणाच्या तरी कावडीवर टांगली. गुरव दार लावू लागला, तेव्हा थोरल्याने दाराची फळी धरून ठेवली.

“अशुभ असतं रे,” गुरव म्हणाला.

“जे व्हायचं ते झालं. हे उघडंच राहू दे.”

त्या दिवसापासून थोरला त्या उंबरठ्याशी बसू लागला. आजारी माणसाला धरून कोणी डोंगराकडे निघाला, की तो आत बोट दाखवी. पुष्कळजण तिथूनच माघारी फिरत. त्याच्या घरी मात्र धाकट्याच्या बायकोने त्याला पुन्हा कधी दादा म्हटले नाही.

तात्पर्य: जे एकत्र दिसते, त्यातले एक दुसऱ्याचे कारण असतेच असे नाही. शिखरावर पोहोचलेले मोजण्याआधी वाटेत राहिलेल्यांची चौकशी करावी. आणि देवाने जे मागितले नाही, ते त्याच्या नावाने दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवू नये.