घुशीचं भरलेलं बीळ

फार पूर्वी माळावर एक म्हातारी घूस राहायची. चिंध्या, बटणं, रिकामी रिळं, जे सापडेल ते ती बिळात नेई. शेवटी आत शिरायलाही जागा उरली नाही. थकलेली घूस दाराशीच अंग मुडपून झोपू लागली.

शेजारची साळू म्हणाली, "मावशी, थोड्या चिंध्या द्या ना. पिल्लं गारठलीत."

"नको गं, लागतील कधीतरी."

एका पहाटे कोल्हा आला. घुशीला आत जाता येईना. त्याने तिची पाठ पकडलीच होती, तेवढ्यात साळू काटे फुलवून धावली आणि तो पळाला.

"ने बाई, सगळं ने," घूस कण्हत म्हणाली.

साळूने दुपारपर्यंत बीळ रिकामं केलं. घूस आत जाऊन आडवी झाली. यातलं आपण कधी काय वापरलं, ते आठवता आठवता तिचा डोळा लागला.