रेवतीचं धोंडस

"पण आतलं शिजलं हे कळायचं कसं, बुवा?"

रेवतीने विचारलं तेव्हा गोसावीबुवा मठाच्या अंगणात फणस फोडत बसले होते. हाताला तेल, पुढ्यात केळीचं पान, आणि लक्ष बहुधा तिसरीकडेच.

"बुवा, मी काहीतरी विचारतेय..."

"ऐकलं गो. शिजलं की कळतं."

याला काय उत्तर म्हणायचं? रेवतीला राग आला. खाडीच्या अलीकडे तिच्या तोडीची सुगरण नव्हती, आणि हे तिला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नव्हतं. शहरात असताना केकच्या स्पर्धेत तिने पहिलं बक्षीस पटकावलं होतं. पण फणसाच्या धोंडसापुढे तिची मात्रा चालेना. बरक्या फणसाचा रस, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं, तूप, सगळं कालवून पातेलं चुलीवर ठेवायचं आणि झाकणावर निखारे पसरायचे, एवढंच तर काम. तरी दर खेपेला खालून करपायचं आणि मधे गिच्च गोळा राहायचा.

आणि वैशाखातली समाराधना तोंडावर आली होती.

त्या दिवशी सगळी भावकी एका पंगतीला जेवायची. पंगतीचा शेवट व्हायचा तो सासूबाईंच्या धोंडसाने. सासूबाई माघात गेल्या, आणि तेव्हापासून थोरल्या दिरांनी, आबाभावजींनी, एकच घोशा लावला होता. "आईचं धोंडस नाही तर पंगत कशाला? पुढल्या वर्षापासून ज्याने त्याने आपापल्या घरी जेवावं."

रेवती एकुलती एक वाढलेली. अंगण भरून माणसं जेवताना तिने पाहिली ती या घरात आल्यावर. ती पंगत मोडेल या विचाराने तिला झोप लागत नव्हती.

"सासूबाईंना तुम्हीच शिकवलंत ना? मग मला का नाही शिकवत?"

बुवांनी हात पुसले.

"इथेच कर. मी बसतो."

रेवतीने पदर खोचला. पातेलं चढलं, झाकणावर करवंट्यांचे निखारे पडले. जरा वेळ गेला. तिने सांडशीने झाकण उचललं, आत डोकावली, पुन्हा ठेवलं.

बुवा उठले. तिच्यासमोर उकिडवे बसले आणि नाकाला नाक लागेल इतके पुढे येऊन तिच्या तोंडाकडे निरखून बघू लागले.

"शिकलीस?"

"अं? नाही... अजून नाही."

"बरं." बुवा जागेवर गेले.

थोड्या वेळाने तिने पुन्हा झाकण उचललं. बुवा पुन्हा आले, पुन्हा तस्से बसले.

"आता शिकलीस?"

"नाही हो!"

तिसऱ्यांदा मात्र तिचा तोल सुटला. "बुवा, सारखे असे तोंडाशी आलात तर मला सुधरायचं कसं? जरा वेळ द्या की मला!"

बुवा नुसते पातेल्याकडे बघत राहिले...

रेवतीही बघत राहिली.

हळूहळू तिची कानशिलं तापली. ओव्हनला काच असते. आत कितीही बघा, ऊब आतच राहते. इथे ती दर डोकावण्याला धग बाहेर सोडत होती, आणि वर दोष देत होती फणसाला!

तिने सांडशी लांब ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसली. बसवत नव्हतं, तरी बसली. बऱ्याच वेळाने गुळाचा वास आला. मग तुपाचा. आणि मग असा खमंग दरवळ सुटला की मठाचं मांजर उठून बसलं.

"बुवा... झालं."

"बघितलंस?"

"नाही."

बुवा पुन्हा फणसाकडे वळले.

समाराधनेच्या दिवशी चुलीपाशी पहिले पोचले ते आबाभावजी.

"मधे कच्चं असेल. बघू दे." त्यांनी झाकणाकडे हात नेला.

"भावजी, हात मागे."

"अगो, पण..."

"पानावर बसा. झालं की वाढीन."

आबाभावजींना असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं. जावा श्वास रोखून उभ्या. आणि आबाभावजी चक्क जाऊन पानावर बसले.

झाकण निघालं ते एकदाच, साऱ्या पंगतीच्या देखत. पातेलं ताटात उपडं केलं, तसं धोंडस अखंड उतरलं, तांबूस, कडेला खरपूस. आबाभावजींनी घास घेतला. दुसरा घेतला. कितीतरी वेळ मान वर केली नाही...

मग पान पुढे सरकवलं. "वाढ. आणि पुढल्या वर्षी मोठं पातेलं काढा. एवढ्याने आपल्या पंगतीचं काय होतंय?"

सगळी आवराआवर झाल्यावर रेवती मठाकडे अक्षरशः धावत सुटली. एवढा आनंद तिला त्या केकच्या बक्षिसानेही झाला नव्हता.

"बुवा, जिंकले मी! पंगत राहिली. भावजींनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. आणि धोंडस म्हणाल तर खरवडसुद्धा उरली नाही, मुलांनी पातेलं चाटून लख्ख केलं."

"तू किती खाल्लंस?"

रेवती थबकली. "मी...? मला उरलंच नाही की हो."

बुवांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मग सगळ्यांत जास्त जेवल्यासारखी तूच कशी दिसतेस गो?"