खिंडीत बसलेली कुत्री

फार फार वर्षांपूर्वी एका उंच डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथल्या माणसांची नावं आता कुणाला आठवत नाहीत. कुत्र्यांची मात्र आठवतात.

त्या गावात एक रीत होती. नव्या जोडप्यानं वैशाखात डोंगरावरच्या देवीला जायचं आणि घरची कुत्री सोबत न्यायची. कुत्री शिखरापर्यंत गेली, तर नव्या सुनेचा पायगुण चांगला. वाटेतून माघारी फिरली, तर वाईट. असं का, ते कुणी विचारत नसे. कुत्र्यांनी फिरू नये म्हणून लोक त्यांच्या गळ्यात दोरी बांधत. त्यामुळे बहुतेक सुना चांगल्या पायगुणाच्या निघत.

एका वर्षी असंच एक जोडपं निघालं. सोबत कवडी नावाची म्हातारी कुत्री आणि भुंगा नावाचा तरणा कुत्रा.

"हिला घट्ट धर गं बाई," सासू म्हणाली. "वरच्या आळीतल्या सुनेच्या हातून कुत्रं सुटलं. अजून तिला कुणी हळदीकुंकवाला बोलावत नाही."

सकाळी आभाळ लख्ख होतं, दगड तापले होते. दोघं खिंडीत पोचली आणि वारा एकाएकी पडला. मग उलट्या दिशेनं गार झुळूक आली. कवडीनं नाक वर करून हुंगलं आणि ती खाली बसली. भुंगाही शेपूट पोटाशी घेऊन उताराकडे वळला.

"ओढ तिला," नवरा म्हणाला.

"अहो, ती उगाच नाही बसायची. फिरू या आपण."

"आणि गावाला काय सांगू? लोक तुलाच नावं ठेवतील, मला नाही."

"ठेवू देत. ऐकून घ्यायला जिवंत तर असेन."

तिनं कवडीच्या गळ्यातली दोरी काढली. त्या घरातली आपली जागाही या दोरीबरोबर सुटतेय, हे तिला कळत होतं. कवडी थेट खालच्या कपारीकडे निघाली. सून तिच्या मागे गेली.

"चला ना हो!" तिनं वळून हाक मारली.

"देऊळ समोर दिसतंय, आणि मी कुत्र्याचं ऐकू?" नवऱ्यानं भुंगाची दोरी स्वतःच्या कमरेला बांधली आणि तो वर चालू लागला.

थोड्याच वेळात ढग डोंगरावर उतरले. देऊळ दिसेनासं झालं, वाट दिसेनाशी झाली. मग गारा कोसळल्या. गारांवरून त्याचा पाय सटकला आणि तो दरीकडे घसरत गेला. मागे भुंगानं एका खडकाला चारी पाय रोवले. दोरी ताणली गेली. तेवढ्यात नवऱ्याच्या हाताला करवंदीची जाळी लागली, आणि तो ओरबाडत वर आला.

भुंगा खडकाला टेकून तसाच होता. गळ्यातला फास आवळला गेला होता, श्वास थांबला होता.

संध्याकाळी वेशीवर गाव जमलं होतं. आधी कवडी आली, मोकळी. तिच्या मागे सून. बायकांनी तोंडाला पदर लावले.

"सोडलीस ना?" सासू आरतीचं ताट धरून म्हणाली. "सांगितलं होतं मी तुला."

मागून मुलगा आला. त्याच्या खांद्यावर भुंगा होता.

"तिनं सोडली म्हणून त्या दोघी धडपणे आल्या, आई," तो म्हणाला. "मी बांधून नेला, तो हा असा आणला. कुत्रं फिरलं की आपण फिरायचं, एवढंच कुणीतरी कधीकाळी सांगितलं असेल. पायगुणाचं आपण मागाहून जोडलं."

सासूनं ताट खाली ठेवलं.

"घरात चल," ती सुनेला म्हणाली. "भिजलीस."

पुढे त्या गावात कुत्री मोकळी पुढे चालू लागली आणि माणसं त्यांच्या मागे. कितीतरी जोडपी खिंडीतूनच परतली. देवी त्यांच्यावर रागावल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

तात्पर्य : इशारा देणाऱ्याला बांधून ठेवलं, म्हणून संकट थांबत नाही.