टायरचा टिळा

एकदा एका महामार्गालगत एक वृद्ध वस्ताद टायरचं दुकान चालवत होते. त्यांच्या हाताखाली चार गडी होते, आणि सुगंधा नावाची एक बाई काम शिकत होती. बाई कामाला वाघीण, पण जिभेला धार. गड्यांना ती खुपायची.

एके सकाळी द्राक्षांचे एक व्यापारी, शेठ, आपली वेगवान गाडी घेऊन तणतणत आले. तिला नवे रुंद टायर सुगंधानेच आदल्या दिवशी चढवले होते.

"शंभरच्या पुढं काटा गेला की स्टेअरिंग थरथरतंय! बाईमाणसाच्या हाती चाक दिलं की हेच व्हायचं. वस्ताद, ही इथं राहणार असेल तर माझ्या बाकीच्या गाड्या दुसऱ्या दुकानात जातील."

गडी गालात हसले.

"हात बाईचा असो नाहीतर बुवाचा," सुगंधा म्हणाली, "चाकाचा तोल मोजणारं मशीन शून्य दाखवतंय. या, बघा."

पुढचं चाक मशीनवर चढलं, फिरलं. आतून शून्य, बाहेरून शून्य.

"मग काय माझे हात खोटं बोलतात?" शेठ ओरडले.

सुगंधाने चाक पुन्हा फिरवलं; पुन्हा शून्यच. दुकानातली आपली जागा जाणार, हे तिला दिसत होतं.

वस्ताद उठले. तोल साधायला रिमला ठोकलेली वजनं त्यांनी एकेक करून उपटली आणि डब्यात फेकली.

"अहो वस्ताद! बरोबर होतं ते!" सुगंधा म्हणाली.

"टायर उतरव."

मग नुसती रिम फिरवून त्यांनी कडेजवळ खडू स्थिर धरला. कडेला एका बाजूला खडू घासला, दुसऱ्या बाजूला बोटभर रेघसुद्धा उमटली नाही.

"टायरवरचा हा तांबडा ठिपका कसला गं?"

"टिळा," एक गडी मध्येच म्हणाला. "कंपनीनं पास केल्याची खूण. आम्ही तो हवा भरायच्या तोंडाशी आणतो. गाडीच्या पूजेला शोभतो."

"शोभतो!" वस्ताद म्हणाले. "अरे, टायर तिथं उंच आहे म्हणून तो ठिपका. आणि खडू लागला नाही तिथं रिम खोल. पोरी, दोन्हीकडचा पिठाचा भार सारखा केला म्हणून भाकरी गोल होते का? तुझं वजन बरोबर होतं, चाक गोल नव्हतं. उंचवटा हा दोष नव्हे, खळगाही दोष नव्हे. त्यांची गाठ घालून दिली नाही, हा दोष. आणि तो झाकायला आपण वजनं ठोकत बसतो."

सुगंधाने पदर खोचला. टिळा खळग्यावर आणला, टायर चढवला, हवा भरली. पुढच्या दुसऱ्या चाकाचंही तसंच केलं. मघाशी मूठभर वजनं लागली होती, आता एकेक चिमुकलं वजन पुरलं.

"चला शेठ," ती म्हणाली, "मीही बसते शेजारी."

महामार्गावर काटा शंभर ओलांडून गेला. स्टेअरिंग देवघरातल्या समईसारखं निश्चल.

परतल्यावर ते वस्तादांकडे गेलेच नाहीत. थेट तिच्यापाशी थांबले. "बाई, बाकीच्या गाड्या उद्या पाठवतो. तुमच्याच हातानं करा."

"करीन की. पण बाईमाणसाचा हात चालेल ना?"

आता गडी हसले, ते शेठना. वस्तादांनी खडू उचलून तिच्या हातात दिला.

घरात, कामावर कुणी बाई फटकळ असेल, तर तिला गप्प करायला वजनं ठोकू नका. तिचा उंचवटा कुठं बसतो ते शोधा.