हवेतले उरलेले चार वाटे

खाडीच्या काठी एकदा एक वृद्ध मेस्त्री आपल्या शिष्यासह राहत असत. त्यांची एक जुनी लाँच होती. मेस्त्री तिचं इंजिन कधी ताणत नसत, आणि नेमका याच गोष्टीचा शिष्याला वीट आला होता.

त्या वर्षी पैलतीरावरच्या देवीच्या जत्रेसाठी एक नवी लाँच आली. ती वीस मिनिटांत खाडी ओलांडी. यांना चाळीस लागत. तुमच्या लाँचीने गेलं की देवी नैवेद्य आटोपून निजलेली असते, असं म्हणत लोक नव्या लाँचीत चढू लागले. असंच चाललं तर पौर्णिमेपर्यंत आपली लाँच वाळूत ओढून ठेवावी लागेल, हे शिष्याला स्वच्छ दिसत होतं. मेस्त्रींनाही दिसत असणार. तरी ते शांत, आणि त्या शांतपणाने तो अधिकच जळे.

जत्रेच्या सकाळी त्याने वेल्डिंगवाल्याकडून प्राणवायूचा सिलिंडर ढकलगाडीवर घालून आणला. इंजिन हवा ओढतं तिथेच नळी लावायची. आत आग भडकेल, ताकद वाढेल, लाँच उडत जाईल. लाँचीत तोवर तीसेक माणसं येऊन बसलीही होती.

मेस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी काचेची बरणी आण."

शिष्याने घरातून लोणच्याची रिकामी बरणी आणली. मेस्त्रींनी आत बोट फिरवून ती परत पाठवली, तेलकट आहे म्हणून. धुऊन आणली, तरी परत. अखेर मेस्त्रीणबाईंनी राखेने घासून दिली, तर मेस्त्री स्वतःचे हात कोपरापर्यंत साबणाने धूत बसलेले. तेवढ्यात नवी लाँच भोंगा वाजवून निघूनसुद्धा गेली.

"मेस्त्री, इंजिन चालू करायचंय, सोवळ्यात नैवेद्य नाही रांधायचा," शिष्य कातावून म्हणाला.

"याचं सोवळं नैवेद्याहून कडक असतं," म्हणत मेस्त्रींनी लाँचीपासून दूर, वाळूवर, बरणीत थोडा प्राणवायू भरला, सिलिंडर बंद केला आणि पेटलेली उदबत्ती आत सोडली. धुमसती उदबत्ती भस्कन ज्वाळेने पेटली आणि पाहता पाहता राख झाली.

"देवघरात ही तासभर दरवळते. इथे वास तरी आला का तुला?" मेस्त्री म्हणाले. "आपल्या हवेच्या पाच वाट्यांत प्राणवायू एकच. उरलेले चार तुला रिकामटेकडे वाटतात. पण आग आवरून धरतात ते तेच. हे इंजिन त्या मापाने घडवलंय. प्राणवायू वाढवून डिझेलही वाढवलंस तर ताकद येईल, खोटं कशाला बोलू? पण ती उष्णता या पिस्टनला सोसायची नाही. आणि तू नळी लावणार होतास, त्या हवा गाळायच्या डब्याच्या तळाशी तेल असतं. नुसत्या प्राणवायूला तेल भेटलं की काडी ओढायलाही कुणी लागत नाही."

शिष्याने वळून लाँचीकडे पाहिलं. इंजिनाच्या फळीला टेकून एक बाई तान्ह्या मुलाला थोपटत होती. सिलिंडर त्याने सावलीत नेऊन ठेवला आणि येऊन इंजिन सुरू केलं.

त्या बाईने नवसाची उदबत्ती केळ्यात खोचून लाँचीच्या पुढच्या टोकाला, नाळेपाशी लावली. अर्ध्या खाडीत नवी लाँच परतताना भेटली; तिच्यावरून कुणीतरी ओरडून विचारलं, पुढच्या फेरीत देवीला तुमचा निरोप सांगायचाय का. एरवी शिष्याने चांगलं सुनावलं असतं. आज त्याचा कान इंजिनाच्या ठोक्याकडे होता, आणि ठोका एकसारखा पडत होता.

पैलतीर आला तेव्हा उदबत्ती बोटभर उरली होती. बाई मूल सांभाळत उतरली आणि थांबली. "परत किती वाजता निघणार, दादा?" तिने विचारलं. "आम्ही तुमच्याच लाँचीने येऊ. रात्रभर रडत होतं, इथे कसं गाढ झोपलंय."

शिष्याने वेळ सांगितली, अगदी हळू आवाजात.