तीनशे बिघ्यांनी कमी भरलेलं बेट

नारळी पौर्णिमा चार दिवसांवर आली, तरी डोंगरबेट तीनशे बिघ्यांनी कमीच भरत होतं. मोजणीदार त्र्यंबकपंतांनी ते तीनदा मोजलं. एकदा भरतीला, एकदा ओहोटीला आणि एकदा देवाला नवस बोलून. ओहोटीला थोडं वाढलं. नवसाने काहीच वाढलं नाही.

राजे रणदुल्लभ गादीवरून उठून उभे राहिले. ते इतके बुटके होते, की उभे राहिल्याचं प्रधानांना जाहीर करावं लागे.

"किती, पंत?"

"ओहोटी धरून तीन हजार सातशे बिघे, महाराज."

"आणि ताडबेट?"

"चार हजार. तेही ओहोटी धरूनच."

महाराजांनी डोळे मिटले. शेजारच्या ताडबेटाचे राजे पृथुसेन आणि ते दर नारळी पौर्णिमेला एकाच होडीतून समुद्रपूजेला जात. ज्याचं राज्य मोठं त्याने नारळ अर्पण करायचा आणि ज्याचं लहान त्याने त्याच्या डोक्यावर छत्री धरायची, अशी रीत होती. पृथुसेन चांगले चार हात उंच. रणदुल्लभ अकरा वर्षं टाचा उंचावून छत्री धरत होते, आणि श्रावणातला सगळा पाऊस त्यांच्या बाहीतून आत जात होता.

"पंत, पौर्णिमेच्या आत बेट चार हजारांच्या वर गेलं पाहिजे. खोटं चालणार नाही. पृथुसेन या वेळी स्वतः मोजणी बघायला येणार आहेत."

"पण महाराज, जमीन आणू कुठून?"

"ते तुमचं खातं. नाही जमलं तर तुम्हाला आणि तुमच्या दोरवाल्याला वल्ह्याशिवाय होडीत बसवून सोडून देईन. राज्य लहान आहे म्हणता, तेवढीच उरलेल्यांना जागा होईल."

दोरवाला म्हणजे बाबल. त्याने हे घरी जाऊन बायकोला सांगितलं, तेव्हा ती राणीसाहेबांच्या लुगड्याची घडी घालत होती. गोजरा ही राजवाड्याची परटीण.

"मला पोहताही येत नाही गं," बाबल म्हणाला.

"ते मला ठाऊक आहे, लग्नाला बारा वर्षं झाली. आधी सांगा, तुम्ही मोजता कसं?"

"दोराचं एक टोक मी धरतो, दुसरं पंत. दोर ताणायचा, खुंटी मारायची, पुढे जायचं."

"आणि डोंगर आला की?"

"मी वर चढतो. पंत खाली उंच काठी रोवतात आणि दोर हवेत आडवा धरायला लावतात. शास्त्रात तसंच आहे म्हणे."

"म्हणजे दोर डोंगराला लागतच नाही?"

"लागला की ओरडतात."

गोजराने लुगडं बाजूला ठेवलं. "चला. डोंगर बुडवलाय तुमच्या पंतांनी."

दरबारात ती सरळ महाराजांपुढे जाऊन उभी राहिली. "महाराज, आपलं बेट कमी नाही. पंतांनी ते नेसलेलं मोजलंय."

"काय बोलतेस?"

"राणीसाहेबांचं लुगडं अठरा हात. ते नेसून त्या उभ्या राहिल्या की दोन हात जागा लागते. म्हणून काय लुगडं दोन हातांचं झालं? मला तर अठराच्या अठरा हात आपटावं लागतं. आपल्या डोंगरालाही निऱ्या आहेत. पंत त्या वगळून मोजतात."

"शास्त्रात हे बसत नाही," पंत म्हणाले.

"मग होडीत बसा," महाराज म्हणाले. पंतांना शास्त्राचा दुसरा अर्थ तत्काळ सुचला.

तीन दिवस दोर जमिनीला टेकवून, प्रत्येक घळीत उतरवून आणि प्रत्येक उतारावर चढवून मोजणी झाली. पंत डोंगरावर पहिल्यांदाच गेले. बाबलने त्यांना दोनदा उचलून खाली आणलं. बेट भरलं चार हजार दोनशे दहा बिघे.

पौर्णिमेच्या सकाळी पृथुसेन आले. त्यांनी आकडा वाचला, डोंगराकडे पाहिलं आणि नाक मुरडलं. "ही कसली मोजणी? अशी आम्हालाही करता येईल."

"जरूर करा, महाराज," गोजरा म्हणाली. "आपल्याकडे डोंगर कुठे आहे?"

ताडबेट भाकरीसारखं सपाट होतं. ताडाची झाडं सोडली तर तिथे सगळ्यात उंच खुद्द पृथुसेनच होते.

"ते राहू दे. मोजायची रीत दोघांना सारखी हवी."

"अगदी बरोबर. आपला दोर कुठे धरला होता?"

"जमिनीवर. आणखी कुठे धरणार?"

"आमचाही जमिनीवरच."

पृथुसेनांनी आपल्या मोजणीदाराकडे पाहिलं. तो स्वतःच्या पायाची नखं निरखत होता.

"असं असेल," पृथुसेन म्हणाले, "तर आमच्या भोवतालचा समुद्रही धरा. लाटांनाही चढउतार असतात, आणि आमच्या लाटा तुमच्यापेक्षा मोठ्या आहेत."

"धरू की. दोराचं एक टोक आमचे हे किनाऱ्यावर धरतील. दुसरं आपण लाटेच्या माथ्यावर धरा, आणि खुंटी मारून होईपर्यंत तिला हलू देऊ नका."

मग पृथुसेनांचं पोट हलायला लागलं, आणि त्यांचं हसू बाहेर पडेपर्यंत रणदुल्लभ हसून हसून खाली बसले होते. हेही प्रधानांना जाहीर करावं लागलं.

"आणा ती छत्री," पृथुसेन डोळे पुसत म्हणाले. "पण यांच्या डोक्यावर धरायची म्हणजे मला वाकावं लागणार."

"सवय होते," रणदुल्लभ म्हणाले. "अकरा वर्षं लागतात."

मग ते गोजराकडे वळले. "तुझा नवरा सुटला, पंतही सुटले. आता तुला काय हवं?"

"कपडे वाळत घालायला जागा पुरत नाही, महाराज."

"डोंगराचा उन्हाकडचा उतार घे. उद्या दिवसभरात तू जेवढं कापड धुऊन वाळत घालशील, तेवढ्याखालची जमीन तुझी."

दुसऱ्या दिवशी उजाडताच गोजराने दरबाराचा मोठा शामियाना धुवायला काढला.