घासून धुतलेले गोटे

पोरांनो, नदीपासून दोन दिवसांच्या वाटेवर कातळाचं एक जंगल व्हतं, त्यात एक साळिंदर राहायचं. कामाला वाघ, पण जातीचं संशयी. डोक्यावरनं कावळा गेला तरी म्हणायचं, हा माझी भाजी मोजायला आलाय. त्याच्या शेजारी एक पाणमांजर राहायची, तीन पिल्लांची आई. कातळातल्या एका डोहात तिनं चिलापी मासे पाळले व्हते. डोह कसला, मोठं डबकंच ते. करंगळीएवढा झरा त्यात यायचा. उन्हाळ्यात त्या अख्ख्या जंगलात पाणी म्हणाल तर तेवढंच.

मासे वाढले तशी त्यांची घाणबी वाढली, पाणी नासायला लागलं. तवा दोघांनी मिळून एक शहाणपणाचं काम केलं. डोहाच्या काठाला, जरा उंचावर, साळिंदरानं गोट्यांचा वाफा केला. चिमूटभर माती नाय, नुसते गोटे. त्यात आळू आन माठ लावला. पाणमांजर सकाळ-संध्याकाळ शेपटीनं डोहातलं गढूळ पाणी वाफ्यावर उडवायची. ते गोट्यांतनं झिरपत खाली यायचं, परत डोहात पडायचं, आन पडताना स्वच्छ असायचं. माशांच्या घाणीवर भाजी पोसायची, भाजीखालनं आलेल्या पाण्यात मासे जगायचे. पिल्लांना मासे, साळिंदराला आळकुड्या आन माठ. सगळ्यांचा उन्हाळा निघणार, यात काय शंका नव्हती.

पण साळिंदराला व्हती. गढूळ पाणी वर जातं, खाली येतं तर तळ दिसतो, मग मधली घाण जाते कुठं? त्यानं पाणमांजरीला विचारलं. ती म्हणाली, आळूनं खाल्ली असंल, आन कुठं जातीय. साळिंदरानं आळूकडं बघितलं.

"एवढी सगळी ह्यानं खाल्ली असती तर पान सुपाएवढं झालं असतं," ते म्हणालं. "हे तळव्याएवढंच हाय. मधी कोणतरी माझं खत मारतंय."

त्या दिवसापासनं त्याची झोप उडाली. झाडावर खार दिसली की काटे फुलवायचं. पाणमांजरीची पिल्लं वाफ्याजवळ खेळायला आली की त्यांचे पंजे हुंगायचं. पाणमांजर बिचारी सोसायची, लेकरांचं पोट त्या डोहावर व्हतं ना. शेवटी साळिंदरानं एक-एक गोटा उलटा करून बघितला. प्रत्येक गोट्यावर बुळबुळीत, तपकिरी साय धरलेली. आन एका गोट्याखाली एक म्हातारी गोगलगाय, आरामात साय चाटत बसलेली. साळिंदराला वाटलं, घावला चोर.

गोगलगाय घाबरली नाय. "साळिंदरदादा, मी वरवरचं चाटते, त्यानं तुझं काय जात नाय," ती म्हणाली. "घाण खाते ती ही साय. माशाची कच्ची घाण आळूला पचत नाय. साय ती आधी खाते, मग मुळीला पचंल असं करून देते. हिला तेवढा हात लावू नको."

"मधी बसून खाणारा असंच बोलतो, म्हातारे," साळिंदर म्हणालं. "माझ्यावाचून तुझं चालायचं नाय म्हणतो."

आन त्यानं तिला उचलून करवंदीच्या जाळीत फेकलं. भर दुपारी पाणमांजर पिल्लांना घेऊन बिळात झोपलेली. साळिंदरानं वाफा उपसला, एकूण एक गोटा वाळूनं घासला, धुतला, तापलेल्या कातळावर वाळत घातला. संध्याकाळी परत रचून भाजी लावली. पाणमांजर उठून बघते तर गोटे अंड्यासारखे पांढरे. तिला ते काय बरं वाटलं नाय. साळिंदर मात्र तिलाच सांगत सुटलं की चोर हाकलला, आता माल सरळ मुळीला लागंल, आठवड्यात पानं बघ.

चौथ्या दिवशी डोहाला मुतारीसारखा वास सुटला, डोळे चुरचुरायला लागले. मासे वर येऊन तोंड वासायला लागले, त्यांचे कल्ले लालभडक. सहाव्या दिवशी ते उताणे तरंगत व्हते. आळू पिवळा पडला, माठ माना टाकून पडला. साळिंदरानं काय करावं? पाणमांजरीवरच डोळे वटारले, म्हणालं, तूच पाण्यात कायतरी टाकलंस, माझी भाजी बघवंना तुला.

पाणमांजर भांडली नाय. "मी काय टाकलं नाय, दादा. तूच कायतरी काढलंस," एवढंच म्हणाली. मेलेल्या माशांतला एकबी पिल्लांना खाऊ दिला नाय. आन ऊन तापायच्या आत तिघांना पुढं घालून नदीच्या वाटेला लागली. दोन दिवसांचा उघडा कातळ, आन पिल्लांचे पाय कोवळे. धाकटं तर पहिल्याच चढाला बसलं. तिनं त्याला मानेला धरून तोंडात उचललं. तूच कायतरी काढलंस, हे तिचं बोलणं साळिंदराच्या डोक्यातनं जाईना.

मग ते करवंदीच्या जाळीकडं गेलं. गोगलगाय शंखाचं दार लावून बसली व्हती. बऱ्याच हाका मारल्यावर आतनं ओ आली. साळिंदरानं मान खाली घालून विचारलं, साय परत धरंल का.

"धरंल की. महिना-दीड महिन्यात आपसूक धरंल."

"मग मी थांबतो."

"थांब बाबा," गोगलगाय म्हणाली. "पण वाफ्यावर पाणी कोण उडवणार? आन घाण कुणाची आणशील?"

साळिंदरानं मागं वळून डोहाकडं बघितलं. पाणी जराबी हलत नव्हतं.

तात्पर्य : मधी कोण बसलेला दिसला की लगेच त्याला चोर ठरवू नका. तो काय खातो आन काय देतो, ते आधी बघा. नायतर चोर घालवायच्या नादात घरातली माणसं घालवून बसाल.